सहा चाकांची गाडी शेवटी तळ्यात उतरली

बफेलो (अमेरिका), 22 सप्टेंबर

प्रिय भावा,

व्हॉट्सअ‍ॅपवर तुला नुसते दोन फोटो टाकले आणि तू विचारलंस "हे काय आणि कुणाचं", तेव्हा म्हटलं ह्याचं उत्तर चार ओळीत नाही देता येणार, बसून पत्रच लिहू. ते माझं आहे. पिवळं, बाथटबसारखं दिसणारं, सहा फुगीर टायरवालं, आणि परवा रविवारी ते माझ्यासकट तळ्यात चाळीस मिनिटं तरंगलं. बाहेर काढून मागचा ड्रेन प्लग उघडला तर आतून जेमतेम दोन मग पाणी निघालं. दोन मग! मे महिन्यात पहिल्यांदा उतरवलं होतं तेव्हा दहा मिनिटांत घोट्याएवढं पाणी भरलं होतं. मधल्या चार महिन्यांत काय काय केलं ते तुला सांगायचंय, आणि काकांना तर सांगायचंच आहे, कारण अर्धं काम त्यांच्या पंपदुरुस्तीच्या शेडमध्ये शिकलेल्या गोष्टींवरच झालं.

आधी गाडी काय आहे ते सांगतो. मॅक्स टू म्हणतात हिला, सत्तरच्या दशकातली, आणि ती इथे बफेलोतच बनायची, रिक्रिएटिव्हज इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीत. जमिनीवर, चिखलात, बर्फात आणि पाण्यात, सगळीकडे चालते. स्टिअरिंग नाही, समोर दोन उभे लिव्हर. चाकं वळत नाहीत, एका बाजूची तीन चाकं थांबवली की दुसऱ्या बाजूची तीन तिला जागेवर फिरवतात, आपल्याकडे बुलडोझर वळतो ना तसं. आणि पाण्यात हिला पंखा वगैरे काही नाही, तीच सहा चाकं फिरत राहतात आणि टायरवरचे खवले पाणी मागे ढकलतात. वेग विचारशील तर ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा.

ही मिळाली कशी ते ऐक. 2022 च्या डिसेंबरातलं वादळ तुला आठवत असेल, तू फोन करून करून थकला होतास आणि इथे लाइट नव्हते. रस्ते दिवसचे दिवस बंद, दार उघडलं तर समोर बर्फाची भिंत. तेव्हा शेजारचे आजोबा खिडकीतून ओरडून मला म्हणाले की माझी जुनी मॅक्स चालू असती तर मी सगळ्या गल्लीला ब्रेड आणून दिला असता. बर्फ वितळल्यावर मी त्यांच्या शेडमध्ये गेलो, ताडपत्रीखाली ती होती, आत खारीनं अक्रोडांची टरफलं भरून ठेवलेली, एक टायर बसलेला, इंजिन जाम. वीस-बावीस वर्षं हलली नव्हती. मी बघतच राहिलो. नऊशे डॉलर दिले, त्यांनी पैसे मोजलेसुद्धा नाहीत, फक्त म्हणाले की चालू झाली की मला एक चक्कर.

मग मी हिचं कूळ शोधायला लागलो. ह्या सहा चाकी गाड्यांची सुरुवात कॅनडात झाली, 1961 साली जॉन गॉवर नावाच्या माणसाने जिगर नावाची गाडी काढली. हो, जिगर! मी ते नाव वाचून खुर्चीतून उठलोच. तिच्या मागोमाग 1967 मध्ये ओंटारियोतल्या न्यू हॅम्बर्गची आर्गो आली, ती अजूनही बनते, आणि मग साठचं दशक संपता संपता अमेरिकेत अशा गाड्या काढणाऱ्या कंपन्यांचं पेवच फुटलं. पण 1970 मध्ये होंडाने तीन चाकी आणली, हलकी, मोटरसायकलसारखी बसून चालवायची, आणि लोक तिकडे वळले. मग पेट्रोलही महागलं. बहुतेक कंपन्या काही वर्षांत मिटल्या. बफेलोची ही मात्र कितीतरी वर्षं टिकून राहिली, आणि इथल्या गावांमधून आजही एखाद्या शेडच्या कोपऱ्यात मॅक्स सापडते.

आता कामाचं. पहिला हिवाळा नुसता उघडण्यात गेला. सीट, फळी, इंजिन, बेल्टची पुली, सगळं काढून गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवलं, प्रत्येक नटबोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी, काका आपल्याला करायला लावायचे तसंच. इंजिन मूळचं नाही, मधे कुणीतरी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 16 हॉर्सपॉवरचं बसवलंय, मला चाललं, त्याचे पार्ट मिळतात. स्पार्क प्लगच्या भोकातून तेल सोडून आठवडाभर ठेवलं आणि रोज थोडं थोडं हाताने फिरवत राहिलो, पाचव्या दिवशी सुटलं. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला, तो साफ केला. इंजिनाचं एवढंच, त्याने मला फार त्रास दिला नाही.

त्रास दिला तो बॉडीने. खाली पुढच्या बाजूला हातभर चीर होती, तिच्यावर आधीच्या कुणीतरी फायबरग्लास लावून ठेवलेलं, आणि ते बोटाने ओढलं तर पापुद्रा निघावा तसं अख्खं निघून आलं. म्हटलं असं का? मग कळलं की ह्या गाड्यांच्या बॉडी दोन प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात आणि आधी ते ओळखायला लागतं. ओळखायची रीत इतकी साधी आहे बघ, बॉडीच्या कडेचा एक काप चाकूने काढायचा आणि ग्लासभर पाण्यात टाकायचा. एबीएस असेल तर बुडतो, पॉलिइथिलीन असेल तर तरंगतो. माझा तरंगला. दुसरा काप चिमट्यात धरून पेटवला तर विझवलेल्या मेणबत्तीचा वास. म्हणजे पॉलिइथिलीन, आणि त्याला जगातला कुठलाच डिंक नीट धरत नाही, फेव्हिक्विक नाही की एपॉक्सी नाही. त्याला त्याच प्लास्टिकची कांडी गरम हवेने वितळवूनच जोडायला लागतं, म्हणजे वेल्डिंगच, फक्त लोखंडाऐवजी प्लास्टिकचं. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोकं पाडायची म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग इंग्रजी व्ही सारखी खाच करायची, आणि मग कांडी दाबत दाबत हळूहळू. हवा जास्त गरम झाली की प्लास्टिक तपकिरी होऊन करपतं, कमी झाली की वरवर चिकटतं आणि उद्या सुटतं. जुन्या कॅनच्या तुकड्यांवर मी तीन रविवार नुसता सराव केला, तेव्हा कुठे गाडीला हात लावला. ती चीर आता बॉडीत सगळ्यात मजबूत जागा आहे असं मला वाटतं.

आणि चेन! सहाही चाकांना ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर, चेनने जातो आणि सगळ्या चेन टबच्या आत, पायाखाली. त्या इतक्या ताणल्या गेल्या होत्या की स्प्रॉकेटच्या दातांवरून उड्या मारायच्या. तुला आठवतंय, राजदूतची चेन मी कडक करून आणली होती, आणि काकांनी काही न बोलता माझं बोट चेनखाली धरून वरखाली करून दाखवलं होतं की एवढी ढिली हवीच, नाहीतर बेअरिंग खाईल? मी इथे बर्फ पडत असताना गॅरेजमध्ये तेच बोट लावून प्रत्येक चेन बघत होतो. गिअरबॉक्स बोर्ग-वॉर्नरचा, टी-20 म्हणतात, आत दोन्ही बाजूंना बँड, म्हणजे आवळणारे पट्टे, आहेत, लिव्हर थोडा मागे ओढला की त्या बाजूचा ड्राइव्ह सुटतो आणि अजून ओढला की ब्रेक लागतो. तो मी खोलला नाही. तेल बदललं, बँड अ‍ॅडजस्ट केले, दोन्ही बाजू सारख्या धरतात, मग उगाच कशाला पोट फाडायचं.

आता मेच्या त्या दहा मिनिटांचं. वेल्डिंग पक्कं होतं, मग पाणी आलं कुठून? अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दांड्यांच्या, भोकांतून. सहा चाकं म्हणजे टबला सहा भोकं, आणि सहाही पाण्याच्या रेषेखाली. प्रत्येक अ‍ॅक्सलला एक बेअरिंग आत आणि एक बाहेर, म्हणजे बारा बेअरिंग, आणि बाहेरच्या सहांजवळ पाणी अडवणारे रबरी सील. मी बेअरिंग नवीन टाकले होते, सील नवीन टाकले होते, तरी पाणी. सील उलटे बसलेत का ते बघितलं, नव्हते. दोन आठवडे डोकं खाजवत बसलो आणि मग एका रात्री मला काकांचं ते वाक्य आठवलं, पंपाची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीची दोरी दाबून धरणारी कडी, आवळताना म्हणायचे ते, "थेंब थेंब पडलंच पाहिजे, पडायचं बंद झालं की दोरी जळली." तेव्हा आपल्याला ते उलटंच वाटायचं, गळती थांबवायला आलेलं गिऱ्हाईक आणि हे म्हणतायत गळू दे. पण त्यांचं म्हणणं हेच होतं ना की फिरत्या दांड्याभोवती कोरडं ठेवायचं नसतं, तिथून सतत काहीतरी बाहेर येत राहिलं पाहिजे. मग माझ्या गाडीत बाहेर काय यायला हवं? ग्रीस! मी प्रत्येक निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, दोन पंप मारून सोडून देत होतो. ग्रीस सीलच्या कडेने बाहेर डोकावेपर्यंत भरायला हवं, म्हणजे पाण्याला आत यायला जागाच उरत नाही.

आणि अजून एक गोष्ट माझी मला सापडली. मी गाडी अर्धा तास शेतातून पळवून थेट थंड पाण्यात घालत होतो. बेअरिंग तापलेलं, आतली हवा तापलेली, थंड पाण्यात गेल्यावर ती आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. आता काठावर वीस मिनिटं थांबतो, हात लावून बघतो, गार लागलं की मगच उतरवतो. आणि बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी परत ग्रीस, आत गेलेलं पाणी बाहेर ढकललं जाईपर्यंत. आधी पांढरट, दुधासारखं निघतं, मग स्वच्छ.

तू फोनवर म्हणालास की असलं काहीतरी 2019 च्या पुरात सांगलीत हवं होतं. मी ह्याचा खूप विचार केलाय, तुला खरं सांगतो. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तू होडीतून माणसं काढत होतास आणि मी इथे रात्रभर फोनकडे बघत बसलो होतो, ते माझ्या मनातून जात नाही, आणि ही गाडी घेताना ते मनात नव्हतं असंही नाही. पण कृष्णेच्या त्या ओढीत ही टिकली नसती. ताशी पाच किलोमीटरने चालणारी गाडी तिच्यापेक्षा जोरात वाहणाऱ्या पाण्यात फक्त वाहून जाते. तिथे तुझी होडीच. पाणी उतरल्यावर गुडघाभर गाळ होता ना, ज्यात ट्रॅक्टरही रुतत होते, तिथे मात्र ही गेली असती. टायरमध्ये दोन-तीन पौंड हवा, बस, म्हणून वजन पसरतं आणि ती चिखलात रुतायच्या ऐवजी वरच राहते. औषधं आणि पाण्याचे कॅन घेऊन ही घराघरापर्यंत गेली असती.

तर रविवारचं. ओळखीच्या एका शेतकऱ्याचं खाजगी तळं आहे, त्याची परवानगी घेतली. शेजारचे आजोबा लाइफ जॅकेट घालून शेजारी बसले, एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. मला तरंगण्याची काळजी नव्हती, मी हिशोब केला होता, एका टायरच्या आतच साधारण 60 लिटर हवा आहे, सहा टायरचे 360 लिटर आणि शिवाय अख्खा टब. तरी पुढची चाकं तळ सोडतात तो क्षण वेगळाच असतो रे. आधी नाक खाली जातं, पोटात गोळा येतो, आणि मग खडखडाट एकदम थांबतो. चाकं जमिनीवर नसतात, फक्त इंजिनाचा आवाज आणि बाजूने टायरने उडवलेलं पाणी. आजोबांनी एक लिव्हर माझ्या हातातून घेतला आणि ओढला, आम्ही हळूच गोल वळलो. काही बोलले नाहीत, पाण्याकडे बघत होते. मी मात्र टॉर्च घेऊन पायाखाली बघत होतो, एक एक अ‍ॅक्सल. डावीकडचं मधलं थोडं पाझरतंय. बाकी पाच कोरडे.

त्या मधल्या अ‍ॅक्सलचं माझ्या लक्षात येत नाहीये. सील दोनदा बदलला, ग्रीस भरपूर, बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखर नाही. मला वाटतं जुना सील जिथे घासायचा तिथे दांड्यावर चर पडलाय, नखाला लागतो. पंपाच्या दांड्याला असा चर पडला की काका लेथवर काय करायचे, वर स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, चढवायचे की सील दोन मिलिमीटर सरकवून कोऱ्या जागेवर बसवायचे? मला दोन्ही अंधुक आठवतंय. सोबत त्या दांड्याचा फोटो पाठवतोय, मोबाइल नको, मोठ्या टीव्हीवर लावून दाखव त्यांना, आणि ऐकायला कमी येतं म्हणून ओरडू नकोस, कागदावर लिहून विचार. ते जे सांगतील ते जसंच्या तसं मला कळव, तुझी भर न घालता. ऑक्टोबरच्या शेवटी इथे पाणी गोठायच्या आत मला अजून एकदा उतरवायचीय.

वहिनींना नमस्कार, पोरांना तो तळ्यातला व्हिडिओ दाखव.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा