भरलेली विहीर कुठल्या हिशोबात धरायची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायची, हे आम्ही औशाकडचे शेतकरी सारखं ऐकतोय. त्यावर माझा घरचा हिशोब मांडतो.

आजोबांनी खोदलेली आमची विहीर ५० फुटांची. मी लहान असताना भर उन्हाळ्यातही पोहरा बुडायचा. ते पाणी फुकटचं, म्हणून कुणाच्याच उत्पन्नात धरलं गेलं नाही. पुढे गावात ऊस वाढला, बोअर वाढले, विहीर आटली. आम्हीही बोअर घेतलं. रात्रभर मशीन चाललं, ६०० फुटांपर्यंत नुसती करडी भुकटी उडत राहिली. पाणी लागलं की पूजा करायची म्हणून आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बसली होती. पहाटे ते तसंच घरात नेलं. मशीनवाल्याचे पैसे, डिझेल, पाइप हे सगळं देशाच्या उत्पन्नात जमा झालं. आमचं कर्ज आणि आटलेली विहीर मात्र त्यातून कुणी वजा केली नाही. आता टँकरची खेप आणि पिण्याचे जार विकत घेतो, तीही वाढच! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तो खर्चसुद्धा याच खात्यात.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की या आकड्यावरून देशाचं भलं झालं की नाही ते कळत नाही. ब्रिटनमधल्या वेल्सने २०१५ मध्ये पुढच्या पिढ्यांच्या हिताचा विचार सरकारी संस्थांवर कायद्यानेच बंधनकारक केला.

ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. उसाच्या एफआरपीमागे, म्हणजे कारखान्याने द्यायच्याच किमान दरामागे, कायदा आहे; तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण आडतीवर तो हातात पडेलच असं नाही. तुरीचा, ज्वारीचा भाव पक्का करा, मग पाणी आपोआप वाचेल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतेच. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत निधीच्या आकड्यांआधी ती पातळी तालुकावार वाचली जावी. किती गावं टँकरवर आहेत, ऊसतोडीला गेलेल्यांची किती मुलं शाळेबाहेर राहिली, हेही तिथेच सांगावं. आणि ज्या तालुक्यात पाणी खाली गेलं, तिथे नवा ऊस कसा वाढत गेला याचं उत्तर त्याच बैठकीत मिळावं.

— एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर