शंभर नायराच्या नोटेवरचा माणूस

लागोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फायनान्सवाल्यांनी टेम्पो ओढून नेला, त्या दिवसापासून तू चार माणसांत जात नाहीस, असं आई फोनवर म्हणाली. वकिलीच्या सीईटीचा अर्जही बत्तिसाव्या वर्षी कसलं शिकायचं म्हणून तसाच ठेवलायस. रागवायला लिहीत नाही. इथल्या, म्हणजे नायजेरियाच्या, शंभर नायराच्या नोटेवर टोपी आणि गोल चष्मा घातलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्याविषयी तुला सांगायचं कधीपासून मनात होतं.

त्यांचं नाव ओबाफेमी आवोलोवो. जन्म १९०९ चा, इकेन्ने गावचा. वडील लवकर गेले आणि शिक्षणाची परवड झाली. कारकुनी केली, लघुलेखन केलं, वर्तमानपत्रात बातमीदारी केली. मग कोकोची खरेदी आणि मोटारवाहतूक. म्हणजे तुझ्याच धंद्यातले! कोकोचे भाव कोसळले आणि ते कर्जात बुडाले.

त्यातून सावरताना त्यांनी पुस्तकं धरली. लंडन विद्यापीठाची वाणिज्य पदवी इथूनच बहिःस्थ परीक्षा देऊन मिळवली आणि १९४४ मध्ये कायदा शिकायला लंडन गाठलं. तेव्हा वय पस्तीस, मागे बायको आणि लहान मुलं. बायकोनं, हन्नाबाईंनी, व्यापार करून घर सांभाळलं. (हे आईला वाचून दाखव.) १९४६ मध्ये, गांधीजी जिथले बॅरिस्टर त्याच इनर टेंपल या लंडनच्या वकिली संस्थेतून तेही बॅरिस्टर झाले. इबादानला वकिली मांडली, १९४९ मध्ये 'नायजेरियन ट्रिब्यून' हे वृत्तपत्र काढलं, १९५१ मध्ये ॲक्शन ग्रुप पक्ष.

देशाच्या पश्चिम विभागाचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे, असताना त्यांनी १९५५ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं. शाळेतली मुलं एका वर्षात साडेचार लाखांवरून आठ लाखांवर गेली. आमच्या स्टोअरकीपरचे वडील त्याच वर्षी पहिल्यांदा शाळेत बसले. त्यांच्या घरी गेलो की ते 'आवो'बद्दल बोलतात, आणि बोलता बोलता गप्प होतात.

सगळेच असं बोलत नाहीत. पूर्वेकडचा इग्बो लोकांचा भाग बियाफ्रा नावानं फुटून निघाला, त्या युद्धात आवोलोवो केंद्राचे अर्थमंत्री होते. त्या भागाची उपासमार आणि नंतर बँकेत कितीही पैसे असले तरी खातेदारांच्या हातावर ठेवलेले फक्त वीस पौंड यासाठी इग्बो लोक त्यांना अजून दोष देतात. आमच्या खात्यात इग्बो आहेत, त्यांच्यासमोर मी हा विषय काढत नाही. त्यांचं दुःख खरं आहे.

पण मला सारखा आठवतो तो १९६३ चा जुलै. राजद्रोहाचा खटला चालू होता. पसंतीच्या परदेशी वकिलाला सरकारनं देशात येऊ दिलं नाही, म्हणून आवोलोवो स्वतःच आपली बाजू मांडत होते. त्यातच थोरला मुलगा सेगुन, तोही वकील, इबादानच्या रस्त्यावर मोटार अपघातात गेला. सप्टेंबरमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. १९६६ मध्ये सुटले, तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्यानंतर अर्थमंत्रिपद, आणि १९७९ व १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन निवडणुका. दोन्ही हरले. इबादानच्या रस्त्यानं गाडी निघाली की मला सेगुन आठवतो, आणि मग तू. रात्री गाडी चालवू नकोस.

टेम्पोचं राहिलेलं देणं मी दोन हप्त्यांत भागवतो, त्याची काळजी तू करू नकोस. सीईटीचा अर्ज या आठवड्यात भर आणि पावतीचा फोटो मला पाठव. आईला गुडघ्याचं औषध वेळेवर घ्यायला सांग.

तुझा,
बाबा