मग्यार पोस्टाच्या गावाहून

पुणे, १५ जून

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार वगैरे.

फोनवर तू म्हणालास, "फोटो बघितले, छान आलेत." बास? आठ दिवसांची सहल तेवढ्यावर उरकू देईन असं वाटलं होय तुला? म्हणून हे पत्र. चष्मा लाव, चहा टाकायला सांग आणि बस निवांत.

आधी वहिनींचं. त्यांनी दिलेलं भडंग प्रागपर्यंत पोचलंच नाही. व्हिएन्नाला लेकीच्या घरी डबा उघडला आणि तिच्या मैत्रिणींनी उभ्याउभ्या संपवला. शेवटचे शेंगदाणे मी खिशात लपवले होते, ते रेल्वेत खाल्ले.

तिकिटं लेकीनं काढली, पण गावं मी निवडली. ती म्हणे, "बाबा, लोक पॅरिस म्हणतात, रोम म्हणतात. तुम्हाला व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्टच का?" आता तिला काय सांगायचं? सातवीत आपण खाऊचे पैसे साठवून परदेशी पोस्टाच्या तिकिटांची पाकिटं घ्यायचो. वर चित्र इंग्लंडच्या राणीचं असायचं, आणि आत निम्मी तिकिटं 'मग्यार पोस्टा', उरलेली 'चेस्कोस्लोव्हेन्स्को'. 'रिपब्लिक ओस्टररीच'चं, म्हणजे ऑस्ट्रियाचं, एक तिकीट तू भाताच्या शितानं ऑस्ट्रेलियाच्या पानावर चिकटवलं होतंस. दोन वर्षं ते तिथं कांगारूशेजारी होतं. मग्यार नावाचा देश मला नकाशात सापडेना, म्हणून असा देशच नाही अशी पैज मी मारली होती. मग्यार म्हणजे हंगेरी निघालं आणि एक प्लेट भजी हरलो होतो. ती अजून दिलेली नाही, हे तुझ्या लक्षात असणारच.

तर ओस्टररीच. व्हिएन्ना देखणं आहे, पण मला ते पाहुण्यांसाठी कायम आवरून ठेवलेल्या दिवाणखान्यासारखं वाटलं. सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, गोल गोल, अंगाला भिंत घासेल इतक्या अरुंद. तुझी वहिनी खाली बाकावर बसली आणि म्हणाली, "वर काय आहे ते मला खाली येऊन सांगा." वर गेलो तर धापच इतकी लागली की काय बघितलं ते आठवत नाही. तिला सांगितलं, फार छान आहे.

आवडली ती तिथली कॉफीची दुकानं. धातूच्या छोट्या ट्रेमध्ये कॉफी आणि सोबत पाण्याचा ग्लास. वर्तमानपत्रं लाकडी दांडीला अडकवलेली. एका कपावर दोन तास बसा, काळ्या कोटातला वेटर बिल आणून आदळत नाही. आपल्या स्टँडजवळच्या हॉटेलात 'कामाशिवाय बसू नये' ही पाटी वाचतच आपण कॉलेज काढलं. तू असतास तर त्या दुकानातून हललाच नसतास, आणि मला एकट्याला राजवाडे बघावे लागले असते.

प्राग चार तासांवर. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली, ती हिच्याकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच सांगतो. ट्रॅमचं तिकीट रीतसर काढलं होतं. पण चढल्यावर ते पिवळ्या डबीत सरकवून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. साध्या कपड्यातला तपासनीस आला, बिल्ला दाखवला आणि कोरं तिकीट उलटंसुलटं करत मान हलवली. मी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत बाजू मांडली. दंड भरला. आयुष्यात एसटीनं विनातिकीट गेलो नाही रे मी, आणि हे काय नशिबी आलं! लेक हसत होती. तिचीच चूक, तिनं सांगायला नको?

तिथल्या चौकात १४१० सालचं घड्याळ आहे. दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरतात, सांगाडा घंटेची दोरी ओढतो, कोंबडा आरवतो. सगळे फोन वर धरून उभे. कोंबडा आरवला की गर्दी पांगते. मी मात्र थांबलो, कारण खरी गंमत तबकडीत आहे. घड्याळ कसलं, भिंतीवर उभं केलेलं पंचांगच ते! सूर्य कोणत्या राशीत आहे ते दिसतं. चंद्राचा अर्धा काळा, अर्धा चंदेरी गोळा स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. आणि सगळ्यात बाहेरच्या कड्यावर जुने बोहेमियन तास आहेत, ते सूर्यास्तापासून मोजायचे. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा सूर्य बुडाला की. म्हणजे काट्यापासून चोवीसपर्यंत जेवढे तास उरले, तेवढा उजेड शिल्लक. शेतावरच्या माणसाला आणखी काय हवं? तुझे अण्णा पंचांगावर बोट ठेवून जसे पुटपुटायचे, तसा मी तिथं अर्धा तास उभा होतो. शेवटी हिनं बाही ओढली.

दुसऱ्या दिवशी पिंकास सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात गेलो. आत मूर्ती नाही, चित्र नाही, नुसत्या भिंती. त्यांवर हातानं लिहिलेली नावं, जमिनीपासून वरपर्यंत. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या ज्यूंची सुमारे ७८ हजार नावं. लांबून भिंतीला करडा रंग दिल्यासारखं वाटतं, जवळ गेलं की एकेक माणूस वेगळा होतो. एकाच आडनावाखाली पाच-सहा जणं, मग पुढचं आडनाव. ही नावं एकदा पन्नासच्या दशकात लिहून झाली होती. पुढे भिंतीत जमिनीखालची ओल चढली, दुरुस्तीत ती गेली, आणि नव्वदच्या दशकात कुणीतरी बसून पुन्हा सगळी लिहिली. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. घर, फुलं, फुलपाखरू, कुठल्याही मुलानं काढावीत तशी. बाहेर आल्यावर आम्ही तिघं बराच वेळ काही बोललो नाही.

चेस्कोस्लोव्हेन्स्को आता नाहीच, १९९३ च्या १ जानेवारीला त्याचे दोन देश झाले. अल्बमचं ते पान तसंही रद्दच झालं म्हण.

आणि मग बुडापेस्ट, आपला मग्यार. पहिला धक्का म्हणजे तो उच्चारच चुकीचा. ते लोक 'मॉद्यॉर'च्या जवळपास काहीतरी म्हणतात. जन्मभर चुकीच्या नावानं भांडलो आपण! दुसरं, ते आपल्या शाळेच्या हजेरीसारखं आडनाव आधी लावतात. तिथली भुयारी रेल्वे १८९६ ची आहे. पिवळे बुटके डबे, स्टेशनं जिन्याच्या दहा-पंधरा पायऱ्यांवरच, पांढऱ्या फरशांची. आपण तरुण आहोत असं मला वाटायला लावणारी एवढीच एक गोष्ट भेटली सहलीत.

नदीकडे मात्र मी तुझ्यामुळे गेलो. डॅन्यूब मोठी आहे, कृष्णेच्या कितीतरी पट. पण पुलावर उभं राहिल्यावर खाली वाकून खांबावर फुटांचे आकडे शोधायची खोड जात नाही. लेकीनं विचारलं, "काय बघताय?" म्हटलं, "आयर्विन पुलाला किती झालं ते." तिला कळलं नाही. सांगलीचा माणूस लागतो त्याला.

नदीच्या एका काठाला बुडा, दुसऱ्याला पेस्ट. संध्याकाळी पेस्टच्या बाजूला एका गल्लीत हिंडताना जुन्या घराच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, दगडाची एक पाटी दिसली. त्यात कोरलेला हात. मनगटाशी बाही, एक बोट लांब केलेलं, बोटापुढे आडवी रेघ. खाली साल, १८३८. मला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी क्षणात कळलं. पाणी इथपर्यंत होतं.

मग लेकीला माहिती शोधायच्या कामाला लावलं. त्या मार्चमध्ये बर्फाचे तुकडे नदीत अडकून बांध झाला आणि पाणी शहरात घुसलं. घरं कच्च्या विटांची, ती पाण्यात विरघळली. एकट्या पेस्टमध्ये दोन हजारांवर घरं पडली. फ्रान्सिस्कन चर्चच्या भिंतीवर एक शिल्प आहे, त्यात व्हेशेलेनी नावाचा सरदार होडीतून लोकांना काढतोय. लिस्ट या संगीतकारानं व्हिएन्नात मैफली करून पूरग्रस्तांना पैसे दिले. आपल्या सांगलीच्या पुरात पुण्याहून चादरी आणि बिस्किटं आली, तसंच.

त्या होडीसमोर उभा असताना २०१९ चा ऑगस्ट आठवला. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि तुझ्या गावभागातल्या घरात माळ्यावर ठेवलेलं तेवढं राहिलं. अल्बम खालच्या कपाटात होता. तू नंतर फोनवर इतकंच म्हणालास, "तिकिटं सुटी झाली रे सगळी, डिंक गेला." मी हसलो होतो. हसायला नको होतं.

म्हणून या पाकिटात तीन तिकिटं ठेवली आहेत, एकेका देशाचं. बुडापेस्टच्या पोस्टात मी बाईंना 'मग्यार पोस्टा' छापलेलं मागितलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आता त्यावर 'मॉद्यॉरोरसाग' छापतात, म्हणजे देशाचं नाव. चालवून घे. भजी मी येईन तेव्हा.

आणखी एक काम. पुढच्या महिन्यात घराला रंग काढणार म्हणालास. माजघराच्या भिंतीवर ती ओलीची रेघ दर पावसाळ्यात वर येते, ती यंदा बुजवून टाक असं वहिनी म्हणत असतील. बुजवा खुशाल. पण त्या उंचीला वीतभर जागा कोरी सोडायला सांग रंगाऱ्याला. बोट दाखवणारा हात मी येऊन काढतो. तू काढू नकोस. इंटरमिजिएटला मला बी ग्रेड होती, तुला सी.

अण्णांना नमस्कार, वहिनींना पुन्हा एकदा भडंगाची आठवण.

तुझा,
नंद्या