तक्रार: .३२ रिव्हॉल्व्हरच्या 'सांधेदुखी-स्नेही' ग्रिप संचाबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष ग्रिप संच परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत व संचातील स्प्रिंगची विक्री थांबवण्याबाबत

महोदय,

आपला ग्रिप (मूठ) संच अंगठ्याच्या मुळाशी सांधेदुखी असलेल्या परवानाधारकासाठी घेतला. बिलाची प्रत व फोटो सोबत आहेत. संच बसवल्यावर हात पूर्वीपेक्षा जास्त दुखतो. त्याची कारणे संचाच्या रचनेतच आहेत.

पहिला दोष बोटांच्या खाचांचा. खाचांमधले उंचवटे निरोगी, सडपातळ बोटांच्या मापाचे आहेत. सुजलेले पेर खाचेत बसत नाही, ते उंचवट्यावर चढते आणि प्रत्येक बाराला तिथेच दाब येतो. दुखऱ्या हाताला गुळगुळीत आणि तळव्यात भरणारी मूठ लागते, हे ही वस्तू बनवणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते.

दुसरा दोष पाठीचा. ग्रिप दोन्ही बाजूंना जाड आहे, पण फ्रेमची मागची पोलादी पट्टी उघडीच राहते. पाठ झाकली तर ट्रिगर लांब जातो, ही आपली अडचण समजते. पण झटका नेमका अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसतो. तेवढ्याच भागावर ३ मिमी मऊ रबर दिले असते तर ट्रिगरही फार लांब गेला नसता. शिवाय मधल्या बोटाच्या पेरावर ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) आदळतो. गार्डमागची पोकळी भरायचे कोणाला सुचलेच नाही!

पत्रकात 'झटका निम्मा' असे छापले आहे. गोळी व दारू तीच आणि शस्त्राचे वजनही जवळपास तेच असेल तर झटका निम्मा होणार कसा? ग्रिप तो फक्त जास्त जागेवर पसरवते. अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर तीच काडतुसे वापरून पाऊण किलोच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त उसळणारच. झटका खरोखर कमी करायचा तर शस्त्र जड हवे किंवा काडतूस हलक्या भाराचे.

सर्वात गंभीर बाब हॅमरच्या, म्हणजे काडतुसावर ठोका देणाऱ्या घोड्याच्या, स्प्रिंगची. ट्रिगर हलका व्हावा म्हणून संचात कमजोर स्प्रिंग दिली आहे. ओढ हलकी होते हे खरे, पण हॅमरचा ठोकाही हलका पडतो. प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातील, ठोक्याने पेटणाऱ्या भागावर) उथळ खूण उमटते आणि काडतूस फुटत नाही. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरच्या एकाच ओढीने हॅमर मागे जाऊन सुटतो तेव्हा, तो कमी अंतरावरून सुटतो, त्यामुळे हे तिथेच जास्त घडते. सिंगल ॲक्शनसाठी हॅमर अंगठ्याने मागे ओढावा लागतो, आणि दुखणे नेमके अंगठ्याचेच. न फुटलेले काडतूस उशिराही फुटू शकते. म्हणून नळी निशाण्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबायचे असते. पत्रकात याचा उल्लेखही नाही. उलट 'स्प्रिंग घरीच बदला' असा सल्ला आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्ती हे परवानाधारक कारागिराचे काम आहे.

किरकोळ म्हणावा असा एक दोष: ग्रिपचा स्क्रू थेट रबरात बसतो, पितळी बुश (स्क्रूभोवतीची नळी) नाही. घट्ट केला की रबर दबते, थोड्या सरावाने स्क्रू सैल होतो आणि ग्रिप हलू लागते. हलणारी मूठ माणूस आपोआप आवळून धरतो, म्हणजे पुन्हा दुखणे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घामाने ती वर निसटते ते वेगळेच.

तरी १५ दिवसांत संच स्वखर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी, स्प्रिंग संचातून काढावी आणि ज्यांनी ती घेतली आहे त्यांना लेखी सूचना पाठवावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सोलापूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. काढलेली स्प्रिंग आणि उथळ खूण पडलेल्या प्राइमरचे फोटो पुराव्यासाठी जपून ठेवले आहेत.

आपला,
एक ग्राहक, सोलापूर