पहिल्या आठवड्यात गिटारचा एक रिफ (गाण्यात परत परत येणारी छोटी धून) तरी शिकवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

सुट्टी लागली की गिटार क्लासच्या जाहिराती सुरू होतात म्हणून लिहितोय. माझ्या मुलीला एका क्लासमध्ये तीन महिने नुसते स्केल्स (सुरांचे चढ-उतार) आणि एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा तो अवघड कॉर्ड), बोटं सोलून निघाली पण गाणं एकही नाही, शेवटी पोरीने गिटार कपाटावर टाकून दिली. फार वाईट वाटलं हो.

मग मीच तिला डीप पर्पल या रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ दाखवला. तिसरी आणि चौथी तार एकत्र, आधी मोकळ्या, मग तिसरा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेला घर), पाचवा. परत मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा. मग मोकळ्या, तिसरा, पाचवा, तिसरा आणि शेवटी मोकळ्या, झालं! पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) नको, अंगठा आणि तर्जनीने दोन्ही तारा एकदम ओढायच्या, बँडचा तेव्हाचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरही हा रिफ बोटांनीच वाजवायचा. सहाव्या फ्रेटपाशी सगळ्यांची घाई होते, तिथे पायाने ताल धरायचा.

गोष्टही सांगितली, ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला अमेरिकी संगीतकार फ्रँक झापाच्या कॉन्सर्टमध्ये कुणीतरी फ्लेअर गन (जळता गोळा उडवणारं पिस्तूल) उडवली, अख्खा कसिनो जळाला, आणि रेकॉर्डिंगला आलेल्या या बँडने सरोवरावर पसरलेला धूर बघितला त्याचंच हे गाणं. ते ऐकून ती रात्री अकरापर्यंत वाजवत बसली.

क्लासवाल्यांनो, स्केल्स हवेतच, पण आधी पोरांच्या हातात ओळखीचं काहीतरी द्या ना.

– एक पालक, ठाणे