पाटील म्हणजे एकच कूळ नव्हे

आडनावांच्या उगमावरील रविवारच्या लेखात पाटील मंडळींना एकाच कुळात बसवले आहे, ते पटले नाही. पाटील हे मुळात गावप्रमुखाचे वतनी पद. ज्याच्याकडे पाटीलकी, तो पाटील. मग जात कोणतीही असो. १९६२च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली, आडनाव तेवढे उरले. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील जासईचे आगरी, तर वसंतदादा सांगलीचे मराठा. त्यांना भाऊबंद कसे म्हणायचे? आमच्या इमारतीतच तीन पाटील आहेत: गावठाणातले आगरी, जळगावचे लेवा आणि कोल्हापूरचे जैन. कुरिअरवाला बिचारा खालूनच ओरडतो, “कुठले पाटील?” लेखकाने निदान एवढे तरी विचारायला हवे होते.

– एक वाचक, घणसोली, नवी मुंबई