ट्यूब पाठवत नाही, डॉक्टरकडे जा

चि. केदारला अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मागितलीस ती ट्यूब मी पाठवणार नाही. घरचं औषधाचं दुकान असून आई नाही म्हणते म्हणून चिडशील. चीड. त्या ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध आहे, जंतूंवरचं आहे आणि जोडीला क्लोबेटासॉल, म्हणजे सगळ्यात तीव्र स्टिरॉइडांपैकी एक. त्याने खाज थांबते, लाली उतरते आणि नायटा निवांत पसरत राहतो. 2018 मध्ये सरकारने स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत, घातली, तरी गिऱ्हाइकं चिठ्ठीशिवाय मागतातच. जांघेतली कातडी मुळात नाजूक. तिथे महिनोन्महिने लावलं की चरे पडतात आणि ते कायमचे राहतात.

जर्मन येत नाही म्हणून डॉक्टरकडे जात नाही, हे कारण मला पटलं नाही. वाण्याकडे, बँकेत, घरमालकाशी बोलतोसच की! खरी अडचण नायटा जांघेत आहे, ही आहे. अरे, इतकी वर्षं काउंटरवर उभी आहे मी. भलेभले मिशीवाले इकडेतिकडे बघत ‘खाजेवरचं काहीतरी द्या’ पुटपुटतात.

आपल्या वरच्या मजल्यावरची मुलगी लाइपझिगलाच असते, तिला विचारलं. (तुझं नाव घेतलं नाही.) त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला तिथे महिने जातात म्हणे. पण 2019 च्या कायद्याने सरकारी विम्याचे पेशंट बघणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना आठवड्यातून निदान पाच तास बिनअपॉइंटमेंटचे ठेवावे लागतात. ‘ऑफेने श्प्रेखश्टुंडे’ म्हणतात त्याला. तुझ्या घराजवळच्या दवाखान्याच्या वेळा बघ आणि उघडायच्या आधी जाऊन उभा राहा. विम्याचं कार्ड विसरू नकोस.

काउंटरवरची बाई चारचौघांत विचारेल, काय होतंय. तोंडाने सांगू नकोस, कागद पुढे कर. त्यावर जर्मनमध्ये एवढं लिही: कधी सुरू झालं, कुठे कुठे आहे, काय लावलं, किती आठवडे, शेवटचं कधी. ट्यूबचं नाव तिथे कुणाला कळणार नाही, आतली औषधं लिही. क्लोबेटासॉल कुठल्याही डॉक्टरला कळतं. हे लपवलंस तर निदानच चुकेल, कारण स्टिरॉइडने नायट्याची कडा पुसट होते आणि तो इसबासारखा दिसायला लागतो.

भारतातून आलास हेही लिही. आपल्याकडे बोकाळलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी आता युरोपातही सापडते आणि टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून कडेची कातडी खरवडून तपासायला सांग. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, काही आठवडे लागतात, घाई करू नकोस. आत गेल्यावर कपडे काढायला सांगतील, पडदा असेलच असं नाही. तो डॉक्टर दिवसभर हेच बघतो, लाजू नकोस.

गोळ्या दिल्या तर खाज थांबली म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. आतले कपडे आणि टॉवेल मशीनमध्ये 60 अंशावर धू. तुझा खोलीवरचा मित्र तोच टॉवेल वापरत असेल आणि त्यालाही खाज असेल, तर त्यालाही सोबत ने. एकाचं बरं होऊन दुसऱ्याचं राहिलं तर पुन्हा तुलाच लागेल.

तुझी,
आई